ताईंचं कोपर

सकाळी कंपनीच्या फाटकातून ती स्कूटर आत आली की वॉचमन आधी पुढच्या बाईंचा चेहरा बघायचा, मग मागच्या बाईंचा, आणि मग फोन उचलून डिझाईन विभागाला कळवायचा, "आज जरा जपून." त्याचा हा अंदाज बहुतेक रोज खरा ठरायचा, कारण तो बहुतेक रोज हाच अंदाज सांगायचा.

पुढे हँडल धरून बसलेल्या त्या ताई. मागे, मध्ये डब्यांची पिशवी ठेवून आणि त्या पिशवीपासूनही चार बोटं लांब बसलेली ती ताईंची भावजय, म्हणजे धाकट्या भावाची बायको. दोघी एकाच घरातून निघायच्या, एकाच खोलीत काम करायला यायच्या, आणि वाटेत चकार शब्द बोलायच्या नाहीत. ताईंना खड्डे चुकवता येत नव्हते असं नाही. मागे कोण बसलंय हे आठवलं की त्या चुकवत नसत, इतकंच. मागून हूं की चूं यायचं नाही. तो मागच्या पक्षाचा प्रतिहल्ला होता.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. त्याची हकीकत त्या स्वतःच सांगत. एकाने विचारलं होतं, तुम्ही काय करता? ताई म्हणाल्या, यंत्रं. तो म्हणाला, आणि लग्नानंतर? ताई म्हणाल्या, लग्नानंतर मोठी यंत्रं. गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. "कप आमचा चांगला होता, म्हणून लक्षात राहिलं," असं ताई शेवटी म्हणायच्या.

कंपनी बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांसाठी यंत्रं बनवायची, आणि त्यातलं सगळ्यात जास्त खपणारं यंत्र होतं पेटी उलटी करणारं. काचेच्या बाटल्यांनी भरलेली पेटी घ्यायची, वरून झाकण घट्ट दाबायचं, आणि सगळी वरात धुण्याच्या हौदावर उलटी धरायची. वर्कशॉपमध्ये या यंत्राला उलथणं म्हणत. उलथण्याच्या पोटात काही दांड्या आणि काही पिना यांची अशी एक जुळणी होती की एकाच मोटारीने आधी झाकण दाबलं जायचं आणि मग तीच मोटार पेटी उलटी करायची. ही जुळणी माणसाच्या हातासारखी दुमडायची. तरुणपणी, ड्रॉइंग बोर्डावर उभ्याने पेन्सिल चालवायच्या काळात, ताईंनी ती बसवली होती, आणि तेव्हापासून कंपनीत तिचं नाव ताईंचं कोपर. नवे आलेले लोक हे नाव आधी ऐकत आणि ताईंना मग भेटत. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस ते ताईंच्या हाताकडे चोरून बघत असत.

भावजयीला या कंपनीत ताईंनीच आणलं, ही त्यांच्या आयुष्यातली एक घोडचूक होती असं त्या आता मानत. मुलगी हुशार, संगणकावर यंत्रं हलवून बघण्याचं शिक्षण घेतलेली. घरात बसून काय करणार म्हणून मालकांना सांगून ताईंनी तिला शेजारचं टेबल दिलं. ताईंनी भाग काढायचे, जुळवायचे. हिने ते संगणकातल्या संगणकात चालवून बघायचे. कुठे अडतंय, कुठे आपटतंय, मोटारीला किती जोर लागतोय, ते लिहायचं. लोखंड कापायच्या आधी चूक सापडली तर सगळ्यांचंच भलं, असं ताई तेव्हा म्हणाल्या होत्या. चूक म्हणजे दुसऱ्यांची, हे त्यांनी वेगळं सांगितलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी भावजयीने ताईंच्या एका झाकणाचं बिजागर उलटं बसलेलं पकडलं. पकडलं ते पकडलं, रिपोर्टमध्ये लाल अक्षरात लिहिलं, आणि रिपोर्ट नियमाप्रमाणे सगळ्यांना गेला. वर्कशॉपलाही. त्या दिवसापासून स्कूटरवर डब्यांची पिशवी मध्ये आली.

घरी याचे जे पडसाद उमटले त्यांना तोड नव्हती. ताई जेवल्या नाहीत. त्यांच्या आईने मग सूत्रं हातात घेतली. आई भांडत नसत. त्यांचं हत्यार उसासा. सूनबाई पाणी द्यायला आली की एक उसासा, पाणी पिऊन झालं की दुसरा, आणि मधल्या वेळात भिंतीला उद्देशून, "जिने नोकरीला लावलं तिलाच खाली बघायला लावलं. असतं एकेकाचं." ताईंचा भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लोकांना दूरचं आणि जवळचं दोन्ही स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था दिवसभर करून तो घरी यायचा आणि आपल्याला दोन्ही दिसत नसल्यासारखं करायचा.

ऑफिसातलं युद्ध जरा वेगळ्या नियमांनी चालायचं. तिथे एक सोय होती. यंत्राची फाईल एकीने उघडली की दुसरीला ती नुसती बघता यायची, बदलता यायची नाही. ही सोय ज्याने केली त्याला बिचाऱ्याला नणंद-भावजयीची कल्पना नसावी. ताई जेवायला जाताना फाईल उघडी ठेवून जात. ताई स्कूटर लावून येईपर्यंत भावजय आधी वर जाऊन सकाळी सकाळी फाईल धरून बसे. मग ताई खोलीतल्या पंख्याला सांगत, "काही लोकांना वाटतं, कंपनी आपल्या माहेराहून आणली." आणि भावजय पडद्याकडे बघत म्हणे, "काही लोकांना फाईल बंद कशी करतात तेच शिकवलेलं नाही." पंखा दोघींचं ऐकून घ्यायचा. समोरच्या टेबलावर पत्र्याचे भाग काढणारा एक गोलमटोल गृहस्थ बसायचा, त्याला सगळे पत्रेवाला म्हणत. तो या वेळी हटकून पाण्याची बाटली भरायला उठायचा. त्याच्याइतकं पाणी पिणारा माणूस कंपनीत दुसरा नव्हता.

अशात उंच पेटीची ऑर्डर आली.

ती आणली विक्रीच्या साहेबांनी. या साहेबांचं नाव होहो. गिऱ्हाईक काहीही म्हणो, यांच्या तोंडून पहिला शब्द तोच यायचा. नेहमीपेक्षा उंच पेटी चालेल का? हो हो. जास्त वेगाने? हो हो. मालकांनी मात्र डिझाईन विभागात येऊन ताईंच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"ताई, स्पष्ट बोलतो. पेटी उंच आहे. तुमचं कोपर यात बसेल का नाही याची मला शंका आहे. हल्ली दोन छोट्या मोटारी लावल्या की काम भागतं. एक झाकणाला, एक उलटायला."

"दोन मोटारी म्हणजे दोन बिघाड," ताई म्हणाल्या.

"असू दे. पण आता एकदा ठरवून टाकू. या यंत्रात कोपर चाललं तर पुढच्या सगळ्या यंत्रांत कोपर. नाही चाललं तर दोन मोटारी, आणि कोपर बंद. शुक्रवारी चाचणी सगळ्यांसमोर बघू."

मालक गेले. ताईंच्या निवृत्तीला फार अवधी उरला नव्हता. आपण गेल्यावर आपलं टेबल कुणाला मिळणार याची त्यांना फिकीर नव्हती. पण कुठल्याशा कारखान्यात, आपण कधी न बघितलेल्या माणसांसमोर, आपलं कोपर दुमडतंय आणि उलगडतंय, ही कल्पना त्यांना आवडायची. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं घरात कुणी नव्हतं आणि ऑफिसात जी होती ती घरातलीच होती.

कोपराचा फैसला आता त्याच बाईच्या हातात होता. ताईंनी यंत्र जुळवलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि फाईल पाठवली. सोबत एक ओळ लिहिली: "आक्षेप पुराव्यासह असावेत."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात एकच वाक्य होतं. यंत्र सुरळीत चालतं, आक्षेप नाही.

पत्रेवाला हात पुढे करून आला. "अभिनंदन, ताई."

"कशाचं?"

"कोपर पास झालं की."

"केलं कुणी पास?"

"तुमच्या... मॅडमनी."

"म्हणूनच म्हटलं, कशाचं," ताई म्हणाल्या आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

त्यांचं खरंच बिनसलं होतं. या बाईने आजवर ताईंच्या एकाही कामाला आक्षेपाशिवाय जाऊ दिलं नव्हतं. एकदा तर एका स्क्रूचं डोकं बाहेर अर्ध्या केसाएवढं डोकावतंय म्हणून तिने लाल शेरा मारला होता. आणि आज एवढं मोठं उलथणं, उंच पेटी, जास्त वेग, आणि आक्षेप नाही. सासरच्या माणसाने विनाकारण गोड बोलावं तसं ते वाक्य ताईंना वाटलं. त्यांनी ते परत वाचलं. मग चष्मा पुसून परत.

जेवणाच्या सुट्टीत भावजय खाली गेली. जाताना अर्थातच फाईल उघडी ठेवून गेली. ताईंना ती नुसती बघता येणार होती, पण त्यांना बघायचंच होतं. त्यांनी चाचणी सुरू केली. पडद्यावर पेटी आली, झाकण बसलं, पेटी डौलात उलटली, परत सुलटली. मोटारीच्या जोराची रेघ अशी गुळगुळीत की बोट फिरवावं. सगळं यंत्र नुसतं समोरून दाखवलं होतं, आणि बाजूचा संरक्षक पत्राही जागच्या जागी होता. चाचणी करताना ही बाई आधी पत्रा उतरवते, हे ताईंना माहीत होतं. लोक घरात शिरताना चपला काढतात तितक्या सवयीने ती पत्रा काढायची.

ताईंनी पत्रा अदृश्य केला. यंत्र फिरवून मागची बाजू पुढे आणली. आणि चाचणी हाताने, थोडी थोडी पुढे सरकवत नेली.

संगणकातल्या लोखंडाला आपण लोखंड आहोत हे सांगावं लागतं. हा भाग त्या भागाला लागला तर थांबायचं, अशी प्रत्येकाशी ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी एक यादी असते. यादीत ज्याचं नाव नाही त्याच्यातून बाकीचे आरपार जातात, जशी भुतं भिंतीतून जातात म्हणतात. कोपर दुमडायला लागलं, चौकटीच्या मागच्या आडव्या दांडीपाशी आलं, आणि पाहुण्याने बैठकीतून सरळ आतल्या खोलीत जावं तसं, न थांबता, न विचारता, त्या दांडीतून पलीकडे निघून गेलं.

ताईंनी ते मागे घेतलं. परत पुढे नेलं. परत गेलं.

पहिली भावना झाली ती निखळ आनंदाची. सापडली. इतक्या वर्षांत एकदा तरी सापडली. एवढी मोठी दांडी यादीत घालायची राहिली, आणि ही म्हणे चाचणी करते. शुक्रवारी काय बोलायचं त्याची वाक्यं ताईंच्या मनात रांगेने उभी राहिली. मग त्यांची नजर दांडीवर गेली आणि रांग मोडली. ही दांडी त्यांनी स्वतः वर घेतली होती. उंच पेटीने चौकट थरथरू नये म्हणून. घेतली, आणि कोपर तिथे दुमडतं हे विसरल्या. दांडी यादीत असती तर कोपर आपटलं असतं. चूक त्या बाईची होती खरी, पण तिच्या पोटात ताईंची चूक बसली होती.

त्यांनी यादी उघडली. सगळे भाग होते. पिना होत्या, वायसर होते, तो डोकं वर काढणारा स्क्रूसुद्धा होता. फक्त दांडी नव्हती. आणि ही बाई विसरणारी नव्हे. घराला कुलूप लावल्यावर ही कुलूप ओढून बघते, मग कडी ओढून बघते, मग जिना उतरून परत वर येऊन कुलूप ओढून बघते. ही दांडी विसरली नव्हती. हिने दांडी वगळली होती.

प्रिंट काढायची एक अरुंद खोली होती. तिथे मोठा प्लॉटर एवढा आवाज करायचा की आत कुणी काही बोललं तरी बाहेर कळायचं नाही. भावजय तिथे कागद घ्यायला गेली तशा ताई मागून गेल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दांडी कुठे गेली?"

भावजयीने कागद खाली ठेवला. "कुठली दांडी असं विचारू, की लगेच भांडायला लागू? मला परत जाऊन काम आहे."

"यंत्र बनवायचं, सगळ्यांदेखत आपटायचं आणि माझ्या तोंडाला काळं लागायचं. हाच बेत ना?"

"तुमच्या तोंडाला काळंच लावायचं असतं तर मला काही करायची गरज होती का? दांडी यादीत ठेवायची, रिपोर्ट पाठवायचा, झालं. जितक्या वेळा चालवलं तितक्या वेळा आपटलं ते."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहून बघितलंय ना एकदा. बिजागराच्या वेळी." भावजय आता हळू पण भरभर बोलायला लागली, प्लॉटरच्या लयीत. "तुम्ही जेवला नाहीत. आईंचे उसासे सुरू झाले. हे दुकानात उशिरापर्यंत काचा पुसत बसायला लागले. घरात उरलो मी आणि माझा बरोबर निघालेला रिपोर्ट. एकमेकांच्या तोंडाकडे बघत. या वेळी म्हटलं, नको. बरोबर असण्याची मला आता हौस राहिली नाही."

"आणि यंत्राखाली माणूस उभा राहतो त्याचं काय?"

"तेवढी अक्कल आहे मला. मीटिंग झाली की फोरमनला सांगून दांडी खाली सरकवणार होते. तुम्हाला कळलंही नसतं."

ताईंना आजवर या बाईने पुष्कळ बोलून घेतलं होतं. पण हे शेवटचं वाक्य जिथे जाऊन लागलं तिथे आधीचं एकही पोचलं नव्हतं. कळलंही नसतं. म्हणजे आपल्या पाठीमागे आपलं यंत्र दुरुस्त होणार, सगळे टाळ्या वाजवणार, आपण त्या घेणार, आणि ही समोर बसून बघणार. लहान मुलाला खेळात मुद्दाम जिंकू देतात तसं.

"खाली सरकवलीस तर चौकट थरथरेल," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी ताब्यात ठेवला होता. "दांडी आहे तिथेच हवी. मी उगीच वर नाही घेतली."

"तिथेच हवी असेल तर कोपर जाईल."

प्लॉटरने एक अख्खा कागद बाहेर टाकला. दोघींपैकी कुणी तो उचलला नाही.

भावजय जरा नरम झाली, किंवा तसं दाखवलं. "मग असं करा ना. शुक्रवारी काही बोलू नका. आहे ते दाखवू, कोपर पास होऊ दे. मागाहून काय करायचं ते शांतपणे बघू. दोघींनाच माहीत आहे."

"तुझ्या-माझ्यात गुपित असावं," ताई दार उघडत म्हणाल्या, "एवढी वाईट वेळ माझ्यावर अजून आलेली नाही."

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत मालक आले, होहो आले, वर्कशॉपचा फोरमन आला आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून पत्रेवाला खिडकीला टेकून उभा राहिला. भावजय संगणकाशी बसली. तिने एकदा ताईंकडे बघितलं. ताई भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर पेटी आली, झाकण दाबलं गेलं, पेटी डौलात उलटली.

"वा," होहो म्हणाले. "गिऱ्हाइकाला हेच दाखवू या."

मालकांनी मान डोलावली. "ताई, मी चूक होतो बहुतेक. कोपराने अजून हार मानलेली दिसत नाही."

इथे एक क्षण असा आला की ताईंना नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की झालं. कोपर राहणार होतं, त्या गेल्यावरही राहणार होतं. दांडी खाली सरकली असती, चौकट जरा थरथरली असती, फोरमनने पाचर ठोकून ती कशीबशी गप्प केली असती. यंत्रं अशीच चालतात, बरीचशी. त्यांनी भावजयीकडे बघितलं. ती संगणकाआड, मान खाली घालून, समंजस माणसासारखी बसली होती. तो समंजसपणा ताईंना सोसवेना.

"पत्रा काढ," त्या म्हणाल्या.

भावजयीचा हात थांबला. "ताई."

"पत्रा काढ आणि मागून दाखव. सावकाश."

यंत्र फिरलं. कोपर दुमडत आलं आणि दांडीतून पलीकडे गेलं. खोलीत कुणाला काही कळेना. फोरमनला कळलं, तो नाकातून हसला. "हे बरंय. आम्हाला पण असं लोखंड मागवा साहेब, एकमेकांतून जाणारं. वेल्डिंगचा त्रास वाचेल."

"हे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"दांडी मी वर घेतली आणि कोपर तिथे येतं का ते बघितलं नाही," ताई म्हणाल्या. "ही माझी चूक. हिने बघितलं आणि झाकलं. ही हिची चूक. माझी आधी लिहा, मी वयाने मोठी आहे."

भावजयीचे कान लाल झाले. "मी झाकलं ते कंपनीला फसवायला नाही. मला त्या घरात राहायचं असतं म्हणून झाकलं."

मालकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. फोरमनने मात्र, ज्याच्या घरात बायको आणि बहीण दोघी होत्या, मान खाली घातली.

"पण गिऱ्हाइकाला मी हो म्हटलंय," होहो म्हणाले.

"तुम्ही नाही कधी म्हणाला होतात?" ताईंनी विचारलं.

मालक आता तापले होते, आणि सगळा रोख भावजयीवर होता. रिपोर्टवर भरवसा ठेवून आपण लोखंड कापतो, त्या पेटीखाली पाय असतात कुणाचे तरी, हे घरातलं प्रकरण घरात ठेवायचं. असं बरंच झालं आणि शेवटी ते म्हणाले, "चाचणीचं काम यापुढे दुसऱ्या कुणाकडे तरी देऊ. यांना दुसरं काहीतरी बघा."

"तसं करू नका," ताई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्यात जास्त भावजयीने, आणि त्यात कृतज्ञता नव्हती, संशय होता.

"तिचं काम काढलंत तर माझ्या चुका शोधणार कोण? हा?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "मी चाक चौकोनी काढलं तरी हा अभिनंदन करायला येईल." पत्रेवाल्याने बाटलीचं झाकण उघडलं. "कौतुक नाही करत मी तिचं. मला पाण्यात पाहणारं तिच्याइतकं दुसरं कुणी या कंपनीत नाही, आणि हे काम तशाच माणसाचं आहे. या वेळी तिने मला सांभाळून घ्यायला बघितलं, म्हणून घात झाला. परत बघणार नाही."

"नाही बघणार," भावजय दातांवर दात ठेवून म्हणाली. "त्याची काळजी नको."

मालकांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि हा विषय आपल्या आवाक्यातला नाही असं ठरवलं. काम राहिलं. ताकीद मिळाली, तीही लेखी. मग ते ताईंकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "पण मग ताई, दोन मोटारी."

"दोन मोटारी," ताई म्हणाल्या. "ठरलं होतं तसं."

कोपर मॉडेलमधून काढायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. दुपारी भावजयीने फाईल सोडली, न सांगता, आणि ताईंनी ती उघडली. कोपराच्या दांड्या निवडल्या, पिना निवडल्या. संगणकाने विचारलं, नक्की काढायचं? ताईंनी उत्तर द्यायला जरा वेळ लावला. मग काढलं. कोपराच्या आधाराने जे जे भाग उभे होते त्यांचे धरबंध सुटले आणि संगणकाने इशारे दिले, एकाखाली एक: अमक्याला आधार मिळत नाही, तमक्याला आधार मिळत नाही. ताईंनी ते शेवटपर्यंत वाचले. पत्रेवाला काहीतरी बोलायला म्हणून उठला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तसाच पाणी भरायला गेला.

घरी दार आईंनी उघडलं. लेकीचं तोंड बघून त्यांना सगळं समजलं, म्हणजे त्यांना जे समजायचं होतं ते. सूनबाई चपला काढत होती. आईंनी छाती भरून घेतली.

"थांब आई," ताई म्हणाल्या. "उसासा टाकायचा असेल तर गॅलरीत जाऊन टाक. कोपर गेलं. चूक माझी होती. ही ते लपवायला गेली, कारण हिला तुझ्या उसाशांची भीती वाटते."

आईंनी घेतलेला श्वास कुठे सोडावा ते त्यांना कळेना. भाऊ आतून आला, परिस्थिती बघितली आणि चष्मा काढून पुसायला लागला.

"मला तुमची वकिली नकोय," भावजय म्हणाली.

"वकिली कसली? तुझ्यावरचा खटला मी स्वतः चालवणार आहे. त्यात आईची लुडबुड नको, एवढंच सांगितलं."

"चालवा. पण नव्या यंत्राचं मॉडेल आधी द्या. झाकणाची मोटार कुठे बसवताय?"

"डावीकडे."

"डावीकडे माणूस उभा राहतो."

"माणूस उजवीकडे उभा राहतो. मी हे यंत्र तुझ्या शाळेच्या आधीपासून बघतेय."

"आणि मी मागच्या महिन्यात कारखान्यात जाऊन बघून आलेय. तिथे डावीकडे राहतो."

जेवणाच्या टेबलावर साखरेचा डबा होता. तो पेटी झाला. भाऊ चमचे मांडायला आला होता. त्याच्या हातातले दोन चमचे कुणीतरी काढून घेतले आणि त्यांची चौकट झाली. आईंच्या चष्म्याची केस जवळच पडली होती. ताईंनी ती उचलून डब्याच्या डावीकडे ठेवली. भावजयीने ती उचलली आणि उजवीकडे ठेवली. आई म्हणाल्या, मला चष्मा हवाय. कुणी ऐकलं नाही. ताईंनी केस परत डावीकडे ठेवली, आणि या वेळी तिच्यावर हात दाबून धरला.